मिनिटाला अठ्ठावीस फेरे

सुभेदारांनी मिलिटरीच्या करड्या ब्लँकेटात बांधलेलं गाठोडं काउंटरवर ठेवलं आणि म्हणाले, "मिस्त्री, ह्यात बिघाड हाय. तेवढा हुडकून द्या."

गिऱ्हाईक सहसा असं बोलत नाही. गिऱ्हाईक म्हणतं, खरखर येते, आवाज जातो, जळल्याचा वास येतो. बिघाड कुठला ते मी सांगायचं. कराडात माझं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. सत्तरनंतरची सात-आठ वर्षं गेली असतील तेव्हाची गोष्ट. टीव्ही आमच्याकडे अजून कुणी बघितला नव्हता, त्यामुळे रेडिओवाला म्हणजे गावात डॉक्टरच्या खालोखाल मान. मला तो मान थोडा जास्तच चढला होता, हे आता कबूल करायला हरकत नाही.

ब्लँकेट सोडलं. आत अमेरिकेचा रेकॉर्ड प्लेयर. असलं मशीन मी तोवर फक्त कॅटलॉगमध्ये पाहिलं होतं. लाकडी बैठक, जड थाळी, आणि थाळीच्या कडेला सगळीकडून कोरलेले बारीक ठिपके. सोबत एक काळा जड ट्रान्सफॉर्मर. अमेरिकेत वीज एकशे दहा व्होल्टची, आपल्याकडे दोनशे तीस. म्हणून मध्ये ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्टेज उतरवावं लागतं, नाहीतर मशीनचा धूर.

मी विचारलं, "काय होतंय याला?"

"ते मला काय कळतंय? पोराचं हाय. पोरगं ऐकायचं बंद झालंय."

मग हळूहळू सगळं कळलं. सुभेदार नदीपलीकडच्या गावचे. पलटणीतून निवृत्त होऊन ऊस बघत होते. थोरला मुलगा प्रताप साखरेचं इंजिनिअरिंग शिकायला अमेरिकेला गेला, पाच वर्षं राहिला आणि चार महिन्यांपूर्वी परत आला. जवळच्याच साखर कारखान्यात लागला. येताना हे मशीन आणि इंग्रजी गाण्यांच्या रेकॉर्डी घेऊन आला. सुरुवातीला रोज ड्युटीवरून आला की लावायचा. मग आठवड्यातून एकदा. मग लावून मध्येच बंद करायचा आणि अंगणात नुसता बसायचा. आता महिना झाला, मशीनवर फडकं टाकून ठेवलेलं. आणि तिकडच्या प्रोफेसरांचं पत्र आलं होतं, परत ये, जागा आहे म्हणून.

सुभेदार बाहेर रस्त्याकडे बघत म्हणाले, "मला त्या गान्यातलं काय बी कळत न्हाई. पन पोराचं तोंड कळतंय. ते मशीन लावलं की तोंड पडतंय त्याचं. त्याला न सांगता आणलंय मी."

मी मशीन तपासलं. अगदी मन लावून तपासलं, उगाच खोटं सांगत नाही. सुई बघितली, नवी होती. वायरी बघितल्या. मोटर तापते का, हात लावून पाहिलं. राहिला स्पीड. एल.पी. रेकॉर्ड मिनिटाला तेहेतीस फेरे आणि वर एक तृतीयांश एवढी फिरली पाहिजे. ते डोळ्यांना कळत नाही, म्हणून थाळीवर ठिपके असतात आणि शेजारी एक छोटा निऑन दिवा. थाळी बरोब्बर वेगात फिरत असली की त्या दिव्याच्या उजेडात ठिपके जागच्या जागी उभे दिसतात. वेग कमी-जास्त असेल तर ते पुढे किंवा मागे पळताना दिसतात.

ठिपके असे उभे राहिले की जणू सावधानचा हुकूम मिळालाय. एक इकडेतिकडे हलेना.

सोबत आणलेली एक रेकॉर्ड मिनिटभर लावून पाहिली. कुणीतरी जड आवाजात, रमतगमत इंग्रजी गात होतं. इंग्रजी गाणी माझ्या बापजन्मात ऐकलेली नव्हती. म्हटलं, असतील अशीच. माझं काम मशीन बघण्याचं.

सुभेदारांना सांगितलं, मशीनमध्ये काही खोट नाही. ते म्हणाले, परत एकदा बघा. मी परत बघितलं आणि जरा वैतागूनच चिठ्ठीवर लिहून दिलं, 'मशीन ओके आहे.' खाली झोकात सही केली. सुभेदारांनी चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली. गाठोडं उचलताना ते एकदम वय झाल्यासारखे दिसले. मला वाईट वाटलं, पण बिघाड नाही तर नाही. तो काय मी तयार करून देणार होतो?

आठ-दहा दिवसांनी दुपारी दुकानात एक चष्मेवाला तरुण आला. सांगलीहून एस.टी.नं आलेला. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक एल.पी., छातीशी धरलेली. नाव मुकुंद, तिथल्या कॉलेजात केमिस्ट्री शिकवायचा. आल्या आल्या त्यानं माझीच चिठ्ठी माझ्यासमोर धरली.

"हे तुम्ही लिहिलंत?"

हो म्हटलं.

"मग तुमच्यामुळे तो चाललाय."

मी उखडलो. कोण तू, कुठला, माझ्या दुकानात येऊन मला असं बोलतोस. पण तो भांडायला आला नव्हता, घाबरून आला होता. त्याला पाणी दिलं, बसवलं. तेव्हा त्यानं जे सांगितलं ते ऐकून आधी मला हसू आलं.

मुकुंद आणि प्रताप सांगलीला हॉस्टेलच्या एका खोलीत राहिलेले. तिथं मुंबईच्या एका मुलाकडे विलायती बँडची रेकॉर्ड होती, ती ऐकून दोघांना वेड लागलं. बँडचं नाव मला आजही नीट म्हणता येत नाही. हे दोघं रेकॉर्डींना कव्हरवरच्या चित्रावरूनच ओळखायचे. एकीवर शेतात मांडलेल्या रिकाम्या खुर्च्या, ती 'खुर्ची'. दुसरीवर धुक्यातला रेल्वेचा पूल, तो 'पूल'. प्रताप अमेरिकेला गेल्यावर त्यानं 'खुर्ची' पाठवली मुकुंदला आणि 'पूल' ठेवला स्वतःकडे. आणि मग पाच वर्षं पत्रापत्री, एकाच विषयावर. बेस्ट कुठली?

मुकुंदचं म्हणणं, खुर्चीच. एकेक गाणं सुटं काढलं तरी आपल्या पायावर उभं राहतं. प्रतापचं म्हणणं, सुटी गाणी कुणीही करील. पुलाची दुसरी बाजू सलग ऐक, चार गाणी एकात एक मिसळत जातात आणि शेवटी ड्रमवाला असा घुसतो की माणूस खुर्चीवरून उठतो. त्यावर मुकुंदनं लिहिलं, खुर्चीवरून उठतो म्हणजे खुर्ची आहे हे तुला मान्य आहे. असली पत्रं. विमानाच्या पातळ कागदावर, कडेच्या मोकळ्या जागेतसुद्धा उभं-आडवं लिहिलेली. मुकुंदच्या वडिलांना संशय आला होता की पोरगं एवढं कुणा पोरीला लिहितंय.

मी विचारलं, "तुम्ही तो पूल ऐकला होता का?"

"छे. मिळणार कुठं इथं?"

"न ऐकता पाच वर्षं भांडलात?"

"ऐकला असता तर पटला असता एखादवेळेस," तो म्हणाला. "मग भांडलो कशावर असतो?"

मला हा पोरगा आवडला. पण पुढचं सांगताना त्याचा चेहरा बदलला. गेल्या रविवारी तो प्रतापकडे आला होता. पाच वर्षांनी शेवटी पूल ऐकायचाच असं ठरवून. प्रतापनं लावला. मुकुंदला तो जड वाटला, रटाळ वाटला. तो वाट बघत होता की आता प्रताप तावातावानं समजावेल. प्रतापनं सुई उचलून ठेवली आणि म्हणाला, तुझंच खरं होतं रे. यात काही नाही. खुर्चीच चांगली.

"मिस्त्री, पाच वर्षं मी हे वाक्य ऐकायला तडफडत होतो," मुकुंद म्हणाला. "आणि त्यानं म्हटलं तेव्हा जिंकल्यासारखं वाटलंच नाही. हा माणूस असा हरणारा नाही हो. ह्याचं काहीतरी बिनसलंय."

प्रतापनं त्याला तेव्हा सगळं सांगितलं होतं. तिकडे ही गाणी ऐकून अंगात वीज यायची. इथं तीच रेकॉर्ड, तेच मशीन, आणि आत काही हलत नाही. आधी वाटलं मशीन बिघडलं. पण ठिपके उभे आहेत. आणि आता आबांनी कराडच्या मिस्त्रीलाही दाखवून आणलं, त्यानं ओके लिहून दिलंय, ही घे चिठ्ठी. म्हणजे बिघाड माझ्यातच आहे. इथं राहिलो तर बाकीचंही असंच मरत जाईल. प्रोफेसरांना होकाराचं पत्र त्यानं लिहून ठेवलं होतं. चार दिवस थांबून टाकतो म्हणाला होता, म्हणजे उद्या सकाळी.

आता मला हसू येत नव्हतं. मी लिहिलेल्या तीन शब्दांवर एका माणसानं स्वतःचा निकाल लावला होता. मशीन बरोबर, म्हणजे मी बिघडलो.

तरीही माझा ताठा जाईना. मी म्हटलं, ठिपके खोटं बोलत नाहीत. मुकुंद म्हणाला, नसतील बोलत, पण ही माझी खुर्ची मी पाच वर्षं माझ्या देशी प्लेयरवर ऐकतोय, ती एकदा त्या मशीनवर लावून बघू. माझ्या कानाला कळेल. दुकानाला कुलूप घातलं. पिशवीत हत्यारं टाकली आणि त्याला मोटरसायकलवर मागे बसवून नदी ओलांडली. रेकॉर्ड पोटाशी धरून तो बसला होता आणि खड्डा आला की मला नाही, रेकॉर्डला सांभाळत होता.

प्रताप कारखान्यात ड्युटीवर होता. सुभेदारांनी मशीनवरचं फडकं काढलं आणि बाजूला उभे राहिले. मुकुंदनं खुर्ची लावली. गाणं सुरू झालं आणि दुसऱ्याच ओळीला त्यानं माझा दंड धरला.

"हा तो नाही. हा त्याचा थोरला भाऊ गातोय."

आवाज जाडा झाला होता, त्याच्या मते. मला ना धाकटा भाऊ माहीत ना थोरला. पण रेकॉर्डच्या मधल्या गोल कागदावर गाण्यांची नावं असतात, आणि त्यांच्यापुढे बारीक अक्षरात प्रत्येकाची वेळ छापलेली असते. पहिल्या गाण्यापुढे होतं, चार मिनिटं दहा सेकंद. मनगटावरचं घड्याळ काढून हातात घेतलं. गाणं परत पहिल्यापासून लावलं. तिघं घड्याळाकडे बघत उभे.

चार दहा झाले. गडी गातोच आहे. साडेचार झाले. गाणं संपलं तेव्हा पाच मिनिटं झाली होती.

पन्नास सेकंद कुठून आले? थाळीच्या कडेला खडूची एक रेघ मारली आणि मिनिटभर फेरे मोजले. तेहेतीस यायला हवेत. सत्तावीस झाले आणि अठ्ठाविसावा पुरा व्हायला जरासा उरला. आणि इकडे ठिपके बघावेत तर जागच्या जागी, ठार उभे.

मी तिथंच जमिनीवर बसलो. पाच आणि सहा. पन्नास आणि साठ. मग डोक्यात प्रकाश पडला आणि स्वतःच्या तोंडात मारून घ्यावीशी वाटली.

सोपं आहे. आपल्या घरातली वीज एका दिशेनं वाहत नाही, सेकंदाला पन्नास वेळा पुढेमागे होते. याला आम्ही सायकल म्हणतो. अमेरिकेत पन्नास नाही, साठ. ही मोटर विजेच्या त्या तालावर फिरणारी. तिकडे साठच्या तालावर ती बरोबर फिरायची. इथं पन्नासचा ताल मिळाल्यावर ती सहातला एक भाग हळू झाली. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज उतरवतो, सायकल बदलत नाही. व्होल्टेज सगळ्यांच्या लक्षात असतं, कारण ते चुकलं तर धूर निघतो. सायकल चुकली तर नुसतं गाणं रडतं.

आणि ठिपके? तो निऑन दिवासुद्धा त्याच विजेवर लुकलुकणार. तोही साठऐवजी पन्नास वेळा. थाळी जेवढी हळू झाली, तेवढाच दिवाही हळू झाला. म्हणून ठिपके उभेच्या उभे. चोर आणि साक्षीदार एकाच घरचे, आणि मी त्या साक्षीवर सही करून आलो होतो. प्रताप निदान साखर उकळणारा इंजिनिअर. मी तर विजेचं खाणारा माणूस.

सुभेदारांना म्हटलं, "बिघाड आहे. तुमचंच बरोबर. मी चुकलो."

ते खाली बसले आणि दोन्ही हातांनी तोंड पुसलं. मग आत जाऊन चहा टाकायला सांगितलं.

दुरुस्ती तशी किरकोळ. मोटरचा दांडा एका रबरी चाकाला फिरवतो आणि ते चाक थाळीला. दांडा जाड केला की थाळी जोरात फिरते. माझ्या पिशवीत वायरीवर चढवायच्या प्लास्टिकच्या नळ्या होत्या. एक नळी दांड्यावर चढवली, फेरे मोजले, एकतीस. तिच्यावर दुसरी पातळ चढवली, चौतीसच्या पुढे गेले. ती काढून अजून पातळ शोधली. अशी तासभर खटपट. मुकुंद घड्याळ धरून बसला होता आणि सुभेदार पलटणीतल्यासारखे मोठ्यानं फेरे मोजत होते. शेवटी तेहेतीस आणि वर थोडं, असं जमलं. आता मात्र ठिपके पळायला लागले. म्हणजे आता बरोबर.

मुकुंदनं पूल काढला. मी म्हटलं, मालकाला येऊ द्या. तो म्हणाला, नको, तो आला की मला बघत बसेल. मला नीट ऐकू द्या. दुसरी बाजू लावली आणि तो जमिनीवर मांडी घालून, डोळे मिटून बसला.

मला त्यातलं कळतं असं म्हणणार नाही. पण दुकानात ऐकलेलं ते रमतगमत गाणं आणि हे, दोन्ही एकाच घरातली वाटेनात. एक गाणं संपायच्या आत दुसरं त्याचा हात धरून पुढे येत होतं. आणि शेवटी तो ड्रमवाला आलाच. मुकुंदच्या मिटलेल्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि त्यानं ते पुसलं नाही.

बाहेर सायकल पडल्याचा आवाज आला. प्रताप दारात उभा होता. सायकल स्टँडवर लावायची राहिली होती, तशीच टाकून आला असणार. अंगावर कारखान्याचे कपडे, मळीचा वास येत होता. तो तसाच उंबऱ्यावर खाली बसला आणि बाजू संपेपर्यंत हलला नाही.

सुई उचलली गेली. मी साठ-पन्नासचं सांगायला सुरुवात केली. दोन वाक्यांतच त्याला कळलं. त्यानं कपाळावर हात मारला, हसायला लागला, आणि हसता हसता त्याचा आवाज फाटला.

"चार महिने मला वाटत होतं, माझ्यातलंच काहीतरी संपलं," तो म्हणाला. "आबा, मला वाटलं मीच विझलो."

सुभेदारांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. तेवढ्यात मुकुंद चष्मा पुसून, डोळ्यांवर चढवून, अगदी कोरड्या आवाजात म्हणाला, "ऐकला तुझा पूल. ठीक आहे. पण खुर्चीची सर नाही."

प्रतापनं मान वर केली. "काय म्हणालास?"

"ड्रमवाला उशिरा येतो. तोवर माणूस झोपतो."

"उशिरा? गड्या, तो उशिरा येतो म्हणूनच…" आणि प्रताप उठलाच. सुई परत ठेवली, इथं ऐक, हे बघ, इथून तो मागे वाजतोय, तुझ्या लक्षात येत नाही एवढंच. मुकुंद म्हणाला, लक्षात यायला नको का? चहा आला, गार झाला, कुणी हात लावला नाही. प्रताप उभा राहून, हातवारे करून भांडत होता. सुभेदार भिंतीला टेकून कधी याच्याकडे, कधी त्याच्याकडे बघत होते. अर्धं भांडण इंग्रजीत चाललेलं, पण त्यांच्या तोंडावर असा आनंद की मलाच बघवेना.

भांडण जरा ओसरल्यावर सुभेदारांनी कोनाड्यातलं पाकीट उचललं आणि प्रतापच्या हातात दिलं. उद्या टाकायचं ते पत्र.

"जायचं आसंल तर जा. मी न्हाई आडवनार," ते म्हणाले. "पन आता नव्यानं इचार कर. पयला इचार तू मोडक्या मशीनीवर केला व्हतास."

प्रतापनं पाकीट हातात उलटसुलट केलं. फाडलं नाही, काही नाही. खिशात घातलं आणि म्हणाला, करतो विचार.

मुकुंदला एस.टी. स्टँडवर सोडायला आलो. तो उतरल्यावर म्हणाला, "मिस्त्री, पूलच भारी आहे हो. खुर्ची त्याच्या जवळपाससुद्धा नाही. पण हे त्याला सांगू नका. त्याला कुणीतरी भांडायला लागतं." मी कधी सांगितलं नाही. आज लिहितोय, कारण आता दोघंही आजोबा झालेत आणि मुकुंदचीच परवानगी आहे.

प्लास्टिकची नळी काही दिवसांत झिजली. मग प्रतापनंच कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये लेथवर पितळेची बारीक टोपी करून घेतली आणि ती बसवायला मशीन माझ्याकडे आणलं. तेव्हा धीर करून विचारलं, पत्राचं काय केलंत? म्हणाला, दुसरं लिहिलं, नकाराचं. मी म्हटलं, म्हणजे आमच्या नळीमुळे राहिलात. तो म्हणाला, तसं नाही मिस्त्री. तिकडे चांगलं होतं, इथंही चांगलं आहे. पळून जायचं कारण उरलं नाही, एवढंच. मग ठरवायला सोपं गेलं.

पुढे तीस वर्षं दुकान चालवलं. त्या दिवसानंतर 'मशीन ओके आहे' असं मी कुणालाही लिहून दिलं नाही. 'मला बिघाड सापडला नाही' असं लिहायचो. दोन्हींत फरक आहे. गिऱ्हाइकं हसायची, म्हणायची, मिस्त्रींचा स्वतःवरच भरवसा नाही. म्हणेनात का.